दुष्काळाची चाहूल

सन 1876 च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात गेला आणि देशावरच्या शेतकऱ्याचे डोळे आकाशाकडे लागले. त्या वर्षीचे खरिपाचे पीक बहुतेक ठिकाणी हातचे गेलेच होते. परंतु सोलापूर, कलादगी, अहमदनगर, पुणे व सातारा या जिल्ह्यांच्या पूर्वेकडील पट्ट्यांत खरी भिस्त रब्बीवर असते आणि रब्बीची भिस्त हस्तावर. हत्तीचा पाऊस म्हणून ज्याचे कौतुक होते, त्या पावसाने काळी जमीन भिजली तरच शाळू पेरता येतो. मग पुढे तो जमिनीतल्या ओलीवर व थंडीच्या दवावर कसाबसा निघतो. त्या वर्षी हत्ती आला नाही. दिवाळी येईपर्यंत गावोगावच्या कुणब्याला, धनगराला आणि पेठेतल्या वाण्याला पुढील वर्ष कसे जाणार हे कळून चुकले होते. सरकारी कचेरीला ते कळण्यास, आणि कळल्यावर ते मान्य होण्यास, बराच अधिक काळ लागला. या दोन कळण्यांमध्ये जे अंतर पडले, त्यात माणसे मेली. पुढील दीडशे वर्षांत महाराष्ट्रात दुष्काळ ओळखण्याच्या ज्या ज्या युक्त्या निघाल्या, त्या बहुतेक सर्व हे अंतर कमी करण्याच्या खटपटी होत्या.

भूकंप झाला हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. वादळ छपरे उडविते, पूर उंबऱ्यातून आत येतो. दुष्काळाचा प्रकार वेगळा. तो अमुक दिवशी सुरू झाला असे कोणालाच सांगता येत नाही, कारण न पडलेला पाऊस डोळ्यांना दिसत नाही. आकाश निरभ्र, हवा सुंदर, आणि त्याच सुंदर हवेत एक एक दिवस करून संकट जमत जाते. त्यातून दख्खनच्या पठाराची ठेवणच अशी की, सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी 200 इंचांहून अधिक पाऊस कोसळावा आणि तेथून पूर्वेस पन्नास-साठ मैलांवर माणदेशात 20 इंचांचीही पंचाईत पडावी. ढग आपले ओझे घाटावर उतरून ठेवतात. पलीकडे उरतो तो वारा. एवढ्या थोड्या पावसात महिनाभराची उघडीप पडली की वर्ष बुडते. मग वर्षअखेरीस एकूण इंचांची बेरीज ठीक दिसली, तरी तिचा शेतकऱ्याला उपयोग नसतो.

जुन्या काळी या संकटाची चाहूल घेण्याची साधने दोनच होती, पंचांग आणि अनुभव. पाडव्याला संवत्सरफल वाचले जाई. प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचे वाहन सांगितले जाई. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा असेल तर बेताचा. या भाकितांना हसण्याचा सुशिक्षितांना हक्क आहे, परंतु त्यांनी तो जरा जपून वापरावा. कारण पुढे साहेबांच्या शास्त्राचीही काही वर्षे काय गत झाली ते यथावकाश येईलच. अनुभवाचे म्हणावे, तर तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्मृतीत साठलेला होता. 1396 पासून बारा वर्षे चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांनी शतकानुशतके नावानिशी लक्षात ठेवला. 1630 ते 1632 या काळातल्या दुष्काळाने गुजरात व दख्खन उजाड केले. तुकोबांची पहिली पत्नी त्यातच गेली, आणि सुरतेहून बऱ्हाणपुरास निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने वाटेवर जे पाहिले ते आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले. पण ही सारी स्मृती झाली. तिच्यावरून येत्या वर्षाचे मोजमाप करता येत नव्हते.

मोजमाप आले ते साऱ्याच्या वसुलीच्या पोटातून. पूर्ण पिकाला सोळा आणे पीक म्हणण्याची रीत मराठीत आजही आहे. तिचाच आधार घेऊन आणेवारी ठरे. महसुली अंमलदार बांधावर उभा राहून नजरेने अंदाज करी की, सोळा आण्यांत हे पीक किती आण्यांचे. मुंबई इलाख्यात पुढे असा नियमच झाला की, उत्पन्न चार आण्यांवर किंवा त्याखाली आल्यास त्या वर्षीचा सारा तहकूब करावा. म्हणजे शेतकऱ्याच्या संकटाची मोजदाद ज्याने करायची, त्याच्याच खात्याने त्याच शेतकऱ्याकडून वसुली करायची होती. मोजणाऱ्याची नजर कितीही सरळ असली तरी तिच्यावर हा भार असेच. आणि आणेवारीत पीक मोजले जाई. ज्याच्याकडे शेतच नाही, त्या मजुराचा, विणकऱ्याचा किंवा गावच्या बलुत्याचा हिशेब तिच्यात नव्हता. दुष्काळात प्रथम मरतो तो हाच मनुष्य.

1876 च्या हिवाळ्यात पुण्यातील एका संस्थेने या उणिवेवर बोट ठेवले. 1870 साली स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे प्राण म्हणजे गणेश वासुदेव जोशी, लोकांचे सार्वजनिक काका. आणि महादेव गोविंद रानडे हेही त्या काळी पुण्यातच न्यायखात्यात होते. सभेने तालुक्यातालुक्यांतील आपल्या माणसांकडून माहिती मागविण्यास आरंभ केला. पाऊस किती पडला, पेरा किती झाला, धान्याचा भाव काय, गुरे किती मेली व किती विकली गेली, कोणत्या गावातून किती माणसे परागंदा झाली, विहिरींना पाणी किती आहे, अशा प्रश्नांची उत्तरे संगतवार लावून सभेने मुंबई सरकारकडे पत्रांमागून पत्रे धाडली. आजच्या भाषेत याला आपत्तीच्या धोक्याचे मूल्यमापन म्हणतील. सभेतल्या मंडळींना तो शब्द ठाऊक नव्हता. ती दौत-लेखणी घेऊन ते काम करीत होती. विशेष हे की, हातात कसलाही अधिकार नसलेल्या नागरिकांनी गोळा केलेली ही माहिती होती. तिच्यात आकाश, पीक आणि मनुष्य ही तिन्ही एकाच कागदावर आली होती.

मुंबई सरकारने आरंभी आखलेले धोरण तसे वाईट नव्हते. तलाव, कालवे व सडका यांची मोठी कामे काढावी, कामावर येणाऱ्यास मजुरी द्यावी, म्हणजे पेठेतून तो धान्य घेईल, असा तो विचार होता. इतक्यात हिंदुस्थान सरकारने खर्चाला आळा घालण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांस दक्षिणेत पाठविले. या गृहस्थांचा पूर्वेतिहास ठाऊक असल्यावाचून पुढची हकीकत नीट समजत नाही. 1873-74 साली बंगाल व बिहार या प्रांतांत पीक बुडाले, तेव्हा याच टेंपलसाहेबांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे वाचविली होती. मृत्यू फारच थोडे झाले. त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजी त्यांच्यावर उधळेपणाचा ठपका आला. संकट मोठे नव्हतेच, म्हणूनच माणसे मेली नाहीत, असे टीकाकार म्हणू लागले. वेळीच ओळखलेल्या आणि टाळलेल्या आपत्तीचा पुरावा मागे उरत नाही, ही अडचण पुढेही अनेकांना भोवली आहे. टेंपलसाहेबांनी मात्र त्यातून भलताच धडा घेतला. 1877 च्या आरंभी ते काटकसरीचे अवतार बनून आले आणि कामावरच्या पुरुषाला दिवसाकाठी एक रत्तल धान्याची किंमत व वर अर्धा आणा एवढीच मजुरी पुरे असे त्यांनी ठरविले. एवढ्यावर दिवसभर माती वाहणारा मनुष्य जगू शकत नाही, असे मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी वैद्यकाच्या आधारे निक्षून सांगितले. पुण्यात सार्वजनिक सभेने तेच म्हटले.

मग एक विलक्षण गोष्ट घडली. मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कमी केलेल्या मजुरीवर, आणि तीही घरापासून दूरच्या कामांवर जाऊन, राबण्याचे नाकारले. ते कामे सोडून निघून गेले. या निघून जाण्याचा अर्थ काय लावायचा? ज्यांना काम नको त्यांना खरी गरज नाही, तेव्हा संकट वाटले होते तेवढे नाही, असा अर्थ लावणारे अधिकारी होते. सभेचे म्हणणे याच्या अगदी उलट होते: जे काम करूनही उपाशीच राहायचे, ते न करता मनुष्य आपल्या माणसांत जाऊन बसतो. कामावरील मजुरांचा आकडा एकच, पण त्यावरून दोन विरुद्ध निष्कर्ष निघाले. दुष्काळाच्या इतिहासात आकडे नव्हते असे फारसे कधी झाले नाही; ते वाचणाऱ्याच्या गरजेप्रमाणे वाचले गेले, हे मात्र वारंवार झाले.

परिणाम जनगणनेत उतरला. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या 1872 साली सात लाखांहून अधिक होती, ती 1881 साली सहा लाखांच्या आत आली. त्यांतील सारेच मेले असे नव्हे; कित्येक मुलूख सोडून गेले ते परतले नाहीत. ब्रिटिश हिंदुस्थानात त्या दुष्काळाने 50 लाखांहून अधिक माणसे गेली असा पुढे अंदाज झाला. वासुदेव बळवंत फडके यांच्या 1879 च्या बंडामागे या दिवसांत पाहिलेली रयतेची अवस्था होती, हे सर्वश्रुत आहे.

एवढा अनर्थ झाल्यावर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला आणि 1880 साली त्याचा अहवाल बाहेर पडला. आयोगाचे बाकीचे विवेचन बाजूस ठेवले तरी त्याने एक गोष्ट अचूक ओळखली. दुष्काळात मुलखातील सारे धान्य संपलेले असते असे नाही. शेतीचे काम थांबल्यामुळे मजुराला मजुरी मिळत नाही, आणि मजुरी नसली की पेठेत पोत्यांची थप्पी असूनही तो उपाशी मरतो. या विचारातून 1883 पासून दुष्काळसंहिता तयार झाल्या. संकट ओळखण्याच्या ज्या खुणा या संहितांच्या परंपरेत नोंदल्या गेल्या, त्या आजही वाचण्यासारख्या आहेत. घरोघरचा दानधर्म आटून भिक्षेकरी रस्त्यावर दिसू लागणे, सावकाराने कर्ज देताना हात आखडणे, धान्याच्या पेठेत एकाएकी धांदल उडणे, चोऱ्या वाढणे, गुरांचे कळप अवेळी चाऱ्याच्या शोधात हलणे, आणि माणसांनी नेहमीच्या रीतीबाहेर भटकू लागणे. पावसाच्या इंचांपेक्षा माणसांच्या पावलांकडे पाहण्याची ही दृष्टी होती. 1876 च्या दिवाळीत धनगराला व वाण्याला जे कळले होते, तेच काही वर्षांनी इंग्रजी कायद्याच्या भाषेत कचेरीत पोचले, असेही म्हणता येईल.

या खुणा दिसू लागल्या म्हणजे कसोटीची कामे काढावी, असे संहिता सांगे. काम कष्टाचे, मजुरी जेमतेम पोटापुरती. तरीही लोक लोटले तर दुष्काळ खरा. युक्ती हुशारीची होती, यात शंका नाही. तीत कोणाच्या नजरेवर विसंबावे लागत नसे आणि तालुक्यातला कोणीही मनुष्य आपल्या पायांनी येऊन साक्ष देई. परंतु या तराजूत वजन म्हणून ठेवायचे ते भुकेले शरीर होते. म्हातारा, आजारी, बाळंतीण यांना खडी फोडून आपली भूक सिद्ध करता येत नसे.

1896 साली पाऊस पुन्हा चुकला, तेव्हा संहितेचा एक अनपेक्षित उपयोग झाला. टिळकांनी केसरीतून तिच्यातील तरतुदी मराठीत समजावून सांगितल्या आणि सार्वजनिक सभेच्या माणसांनी त्या खेड्यापाड्यांत नेल्या. पीक बुडाले असता सारा तहकूब मागण्याचा, काम मागण्याचा रयतेला आधार आहे, हे रयतेला प्रथमच कळले. जी संहिता अंमलदारांनी अंमलदारांसाठी लिहिली होती, ती शेतकऱ्याच्या हाती गेलेली सरकारला रुचली नाही. 1897 साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

या सुमारास दुष्काळाची चाहूल आणखी आधी, पाऊस सुरू होण्यापूर्वीच घेण्याचा उद्योग सुरू झाला होता. 1875 साली हिंदुस्थानचे हवामानखाते स्थापन झाले आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. हिमालयावर हिवाळ्यात बर्फ जास्त साठले तर पुढचा पाऊस ओढ धरतो, असे त्यांना दिसून आले. त्या आधारावर 1886 च्या जून महिन्यात मोसमी पावसाचे पहिले अधिकृत भाकीत प्रसिद्ध झाले. ब्लॅनफर्डांचे उत्तराधिकारी सर जॉन एलियट यांनी 1899 साली पाऊस चांगला होईल असे सांगितले, आणि त्याच वर्षी तो भयंकर दुष्काळ पडला, जो संवत 1956 वरून छप्पन्नचा दुष्काळ म्हणून आजही ओळखला जातो. पंचांगकर्त्यांना त्या वर्षी समाधान वाटले असेल तर ते क्षम्य होय.

1904 साली या खात्याच्या प्रमुखपदी आलेले गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती. हवामानाचा त्यांना पूर्वानुभव नव्हता. त्यांनी जगभरच्या वायुभाराच्या, उष्णतेच्या व पर्जन्याच्या नोंदी मागवून त्यांचे परस्परसंबंध काढण्याचा कित्येक वर्षांचा खटाटोप केला. त्यातून असे दिसले की, पॅसिफिक महासागरावरील वायुभार आणि हिंदी महासागरावरील वायुभार हे तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होतात. या हेलकाव्याला त्यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. दूर पेरू देशाच्या किनाऱ्यावरील समुद्र तापण्याशी, म्हणजे एल निनोशी, त्याचे नाते 1969 साली बियेर्कनेस यांनी उलगडले. 1877, 1899 आणि 1972 ही तिन्ही अशीच एल निनोची वर्षे होती. वॉकर निवृत्त झाल्यानंतर, 1928 साली, खात्याची मुख्य कचेरी सिमल्याहून पुण्यास आली. पुण्याच्या श्रोत्यांना सिमला ऑफिस हे नाव परिचयाचे आहे. शिवाजीनगरातली ती इमारत त्या स्थलांतराची खूण होय. इतके होऊनही मोसमी पाऊस शास्त्रज्ञांच्या मुठीत आला नाही. 1997 साली एल निनो जबरदस्त होता, पण हिंदुस्थानात पाऊस ठीक झाला. वसंत गोवारीकर यांच्या नावाने विख्यात झालेली सोळा घटकांची पद्धत 1988 पासून बरीच वर्षे बरोबर उतरली, आणि 2002 साली जुलै महिना जवळपास निम्म्या पावसावर गेला, तेव्हा ती चुकली. यात शास्त्रज्ञांचा कमीपणा नाही. परंतु आकाशाकडे कितीही दूरवर पाहिले तरी अमुक तालुक्यातील अमुक मजूर या वर्षी जगेल की नाही, याचे उत्तर तेथे लिहिलेले नसते.

जमिनीवरची भांडणे तशीच चालू होती. 1918 साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात जो सत्याग्रह झाला त्याचे मूळ आणेवारीत आहे. पीक चार आण्यांच्या खाली गेले असे शेतकरी म्हणत. अंमलदार त्याहून अधिक दाखवीत. पुण्याच्या भारतसेवक समाजाचे देवधर, जोशी व ठक्कर यांनी जागेवर जाऊन चौकशी केली. गांधीजींनी गावोगाव फिरून स्वतंत्र माहिती जमविली. एका जिल्ह्यातील पीक तीन आणे की पाच आणे, या प्रश्नावर देशव्यापी चळवळीचा एक अध्याय उभा राहिला. मोजमापाचे प्रश्न रुक्ष असतात असे ज्यांना वाटते त्यांनी खेड्याची हकीकत वाचावी.

त्याच काळात पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाशी संबंध असलेले डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी प्रश्न निराळ्या टोकाने धरला. दुष्काळाच्या वर्षी काय होते ते विचारण्याऐवजी, बऱ्या वर्षी शेतकऱ्याच्या घरी काय असते, ते त्यांनी विचारले. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावचा घरोघर हिशेब मांडून 1917 साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. पुढे 1921 साली कानिटकर यांच्या साहाय्याने जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावचा हिशेब प्रसिद्ध झाला. पिंपळे सौदागरात निम्म्याहून अधिक कुटुंबांचे, पीकपाणी ठीक असतानाही, जमाखर्चाचे तोंड मिळत नव्हते. अशा घराला दुष्काळ बाहेरून यावा लागत नाही. तो उंबऱ्यावर बसलेलाच असतो आणि पावसाने जरा ओढ दिली की आत येतो. संकटाचा धोका पावसात किती व घरच्या जमाखर्चात किती, हा भेद महाराष्ट्रात इतक्या रोखठोकपणे प्रथम या पाहण्यांनी दाखविला. मॅनसाहेबांनी पुढे 1865 पासून 1938 पर्यंतच्या दख्खनच्या पर्जन्याच्या नोंदींचाही अभ्यास केला. ज्या पिंपळे सौदागरात ते बांधाबांधाने हिंडले, तेथे आज उंच इमारतींची वसाहत आहे. रहिवाशांपैकी किती जणांना आपल्या गावाच्या नावाचे हे ऐतिहासिक महत्त्व ठाऊक असेल, सांगवत नाही.

या साऱ्या अनुभवाची परीक्षा 1972 साली झाली. सलग दोन वर्षे पाऊस अपुरा झाला होता, आणि तिसऱ्याने तर दगाच दिला. त्या पिढीतील माणसे आजही लाल मिलो ज्वारीची आणि कामावर वाटल्या जाणाऱ्या सुकडीची आठवण काढतात. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फुटत होती, पाझर तलाव बांधले जात होते. मृत्यू काहीसे वाढले असे पुढील अभ्यासकांना आढळले, परंतु 1877 चे दृश्य पुन्हा दिसले नाही. कारण यावेळी कामावर आलेल्या माणसाकडे पाहण्याची रीत पालटली होती. विधान परिषदेचे अध्यक्ष वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगाव तालुक्यातील विसापूर येथे 1965 साली जो प्रयोग सुरू झाला, त्याचेच पुढे रोजगार हमीत रूपांतर झाले आणि 1977 साली तिचा कायदा झाला. संहितेच्या काळी मजुराने काम मागणे ही सरकारला मिळालेली एक खूण होती. आता तो मजुराचा हक्क ठरला. दुष्काळ जाहीर झाला आहे की नाही, हे त्याने कचेरीला विचारण्याचे कारण उरले नाही.

जाहीर करण्याचा घोळ मात्र संपला नाही. रुपयाचे आणे गेले तशी आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांची रेघ आली. 2016 साली केंद्र सरकारने नवी पुस्तिका काढून पावसाची तूट, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, जमिनीतील ओल, जलाशयांतील साठा यांचे निर्देशांक प्रथम पाहावे आणि मग निवडक गावांत जाऊन खात्री करावी, असे ठरविले. 2018 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रात प्रथम 180 तालुक्यांत दुष्काळसदृश स्थिती असल्याचे सांगण्यात आले आणि आठवड्याभराने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. दुष्काळसदृश हा शब्द मराठीला सरकारी दप्तराने दिलेला आहे. इंग्रजी अमदानीत टंचाई आणि दुष्काळ यांच्यामध्ये अशीच एक बारीक भिंत उभी केलेली असे. शब्द बदलला की खर्चाचे खाते बदलते, हे दोन्ही काळांतले त्यामागचे मर्म.

शिवाय आता ज्या पावसाच्या सरासरीवर ही तूट मोजायची, ती सरासरीच हलू लागली आहे. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवून दिले की, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिप्पट झाले. म्हणजे थोड्या दिवसांत पुष्कळ पाऊस आणि मध्ये लांबलचक उघडीप. 2023 चा ऑगस्ट महिना 1901 पासूनच्या नोंदींत देशभर सर्वांत कोरडा ठरला. अशा पावसाची बेरीज केली तर वर्ष बरे दिसते. शेतात मात्र एकदा माती वाहून गेलेली असते आणि एकदा पीक करपलेले. दुष्काळाचे स्वरूपही पालटले आहे. 1972 साली कित्येक गावांत विहिरींना पाणी होते, धान्य नव्हते; 2016 साली लातुरात दुकाने धान्याने भरलेली होती आणि पिण्याचे पाणी मिरजेहून आगगाडीने आणावे लागले. काळ्या कातळात मुळातच पाणी थोडे मुरते, आणि त्यातून उपसा करणारे पंप वाढत गेले. पर्जन्यमापकाला हा उपसा कळत नाही.

दुष्काळसंहितेच्या जुन्या यादीतील एक खूण माणसांच्या नेहमीच्या रीतीबाहेरील भटकंतीची होती. 1972 नंतर बीड जिल्ह्यातून व आसपासच्या कोरड्या तालुक्यांतून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्यांची वाट रुंदावत गेली. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, जिला कारखान्याच्या हिशेबात एक कोयता म्हणतात, बिऱ्हाड गाडीत घालून निघते. हे प्रतिवर्षी घडते. त्यामुळे या भटकंतीत रीतीबाहेरचे काही उरलेले नाही, आणि धोक्याची खूण म्हणून ती कोणत्याही तक्त्यात चढत नाही. सावकाराचा आखडलेला हात ही दुसरी खूण. येथे मुकादम उलट हात सैल सोडून पावसाळ्यातच उचल देतो. पिकांची अंतिम पैसेवारी डिसेंबरात जाहीर होते. तोवर त्या गावांतील अनेक घरांना कुलूप लागलेले असते, आणि यंदा पीक किती आले हे सांगण्यास म्हातारी माणसे व शाळेत जाणारी मुले मागे राहिलेली असतात.